कोपऱ्यातून झिरपणारा उजेड: लॅपटॉपची स्क्रीन बदलायची की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका ताईंकडे साडेतीन वर्षांचा, १५.६ इंची, फुल एचडी लॅपटॉप आहे. दिवसभर त्यावर टॅली आणि जीएसटीची कामं चालतात, रात्री तासभर एखादी मालिका बघतात. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून अंधारात बसलं की स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून पिवळट-पांढरा उजेड पंख्यासारखा वर पसरलेला दिसतो. वॉरंटी संपली आहे. तिथल्या दुकानात सांगितलं, "बॅकलाइट ब्लीड आहे, पॅनल बदलावं लागेल, ७,५०० रुपये." मुलगा म्हणतो बदलून टाक. ताईंना वाटतं, दिवसाच्या कामात काहीच अडत नाही, मग एवढे पैसे घालायचे का? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की झाकण उघडताना हल्ली कधी कधी 'टक्' असा आवाज येतो.

ताई, पुण्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करून मला १७ वर्षं झाली. माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. आत्ता पॅनल बदलू नका. आधी लॅपटॉपचं डावं बिजागर उघडून बघून घ्या. तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो 'टक्' आवाज आहे, आणि त्याच्या खालोखाल 'दोन-तीन महिन्यांपासून' हे शब्द.

कारण असं. बॅकलाइट ब्लीड (स्क्रीनमागचा उजेड कडेतून झिरपणं) कारखान्यातूनच आलं असेल तर ते पहिल्या दिवसापासून असतं. आपलं लक्ष उशिरा जातं, एवढंच. पण तीन वर्षं स्वच्छ असलेल्या कोपऱ्यात अचानक उजेड झिरपायला लागला, तर काहीतरी त्या कोपऱ्याला दाबतंय किंवा पिळतंय. पॅनल सहसा आपलं आपण असं बिघडत नाही. दाब कुठून येतोय ते न शोधता नवीन पॅनल बसवलं, तर तोच दाब नव्या पॅनलवर येणार आणि चार-सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच याल.

आता हा उजेड येतो कुठून ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. एलसीडी पॅनल स्वतः उजळत नाही. त्याच्या खालच्या कडेला बारीक एलईडींची एक पट्टी असते. तिचा प्रकाश एका पातळ पारदर्शक पाटीत शिरतो. त्या पाटीच्या मागच्या बाजूला सूक्ष्म ठिपके असतात, एलईडीजवळ विरळ आणि लांब जावं तसे दाट, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा वर फेकला जातो. तिच्यावर उजेड पसरवणारी फिल्म, मग प्रिझमच्या फिल्म, आणि त्यावर प्रत्यक्ष लिक्विड क्रिस्टलची काच. हे सगळं मिळून जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचं, आणि बाजूंना काळी टेप. बाजारात या पातळ पॅनलला 'पेपर' म्हणतात ते उगीच नाही. इतक्या नाजूक थराला कोपऱ्यात थोडा जरी पीळ बसला की फिल्म एकमेकींपासून किंचित सुटतात नाहीतर काचेवर ताण येतो, आणि जिथे उजेड अडायला हवा तिथे तो वाट काढतो. एलईडीची पट्टी खालीच असल्याने बहुतेक लॅपटॉपमध्ये हा त्रास खालच्या कडेलाच जास्त दिसतो.

तुम्हाला दिवसा काही जाणवत नाही, त्याचंही कारण यातच आहे. झिरपलेला उजेड मूळ चित्रात मिसळतो, त्यातून काही कमी होत नाही. टॅलीचा पांढरा-फिकट पडदा आधीच लख्ख असतो, त्यात चिमूटभर उजेड वाढला तर डोळ्याला कळत नाही. सिनेमातला रात्रीचा प्रसंग असेल, किंवा वर-खाली काळ्या पट्ट्या असतील, तर तोच चिमूटभर उजेड ठळक दिसतो. चांगल्या आयपीएस पॅनलचा (हा एलसीडीचाच एक प्रकार) कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण १००० ला १ असतो. म्हणजे पांढरा रंग २५० निट्स (निट हे उजेडाचं माप) असेल तर काळा रंगसुद्धा पाव निट उजळलेलाच असतो. एलसीडीवर संपूर्ण काळोख कधीच नसतो. तो हवा असेल तर ओलेड पडदा लागतो, त्यात बॅकलाइटच नसते. पण तुमच्या लॅपटॉपवर तो बसणार नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

म्हणून पहिलं काम: जे दिसतंय ते खरंच ब्लीड आहे का, हे घरीच ठरवा. रात्री लॅपटॉप १५-२० मिनिटं चालू राहू द्या. ब्राइटनेस तुम्ही नेहमी ठेवता तेवढाच ठेवा, पूर्ण वाढवू नका. बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोय बंद करा. पूर्ण काळं चित्र पडदाभर उघडा आणि खोलीत एक मंद दिवा असू द्या. आता समोर सरळ बसून बघा. मग डोकं डावीकडे, उजवीकडे, वर हलवा, आणि शेवटी उठून दोन मीटर मागे जाऊन बघा. डोकं हलवल्यावर उजेड जागा बदलत असेल, मागे गेल्यावर विरत असेल, तर ते आयपीएस ग्लो आहे. तो त्या तंत्राचा स्वभाव आहे, दोष नाही. नवीन पॅनल घातलं तरी तसाच राहील. उजेड जागचा हलतच नसेल तर ते ब्लीड. माझ्याकडे 'ब्लीड आहे' म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर नुसता ग्लोच असतो आणि मी त्यांना परत पाठवतो.

मोबाइलने फोटो काढून तो बघून मात्र काहीच ठरवू नका. अंधारात मोबाइल आपणहून एक्स्पोजर वाढवतो आणि डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड फोटोत वणवा पेटल्यासारखा दिसतो. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेला फोटोही तसाच आहे. लोक असे फोटो बघून घाबरतात आणि चांगल्या स्क्रीन बदलून घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्लीडच आहे हे ठरलं की दुसरी चाचणी. काळं चित्र चालू असतानाच झाकणाचा डावा वरचा कोपरा दोन बोटांत अगदी हलकेच धरा आणि किंचित, म्हणजे केसभर, पुढे-मागे करा. उजेडाचा आकार बदलला, कमी-जास्त झाला, तर दोष पॅनलचा नसून बांध्याचा, म्हणजे झाकण-बिजागराच्या जोडणीचा, असण्याची शक्यता मोठी. काचेवर बोट मात्र दाबू नका. इंटरनेटवर मऊ फडक्याने तो भाग चोळायचा उपाय फिरतो, तोही करू नका. आधी नुसता अंधारात दिसणारा डाग चोळून चोळून पांढऱ्या पडद्यावरही कायमचा उमटलेला मी पाहिला आहे.

तिसरी चाचणी दुकानातच होते आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच करावा. ती म्हणजे पॅनल मोकळं करून बघणं. मागचं कव्हर उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. मग बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची काळी चौकट, सोडवायची. पॅनल स्क्रूने धरलेलं असेल तर स्क्रू, टेपने चिकटवलेलं असेल तर ती टेप ओढून काढून पॅनल सोडवायचं. डिस्प्ले केबल तशीच ठेवून पॅनल कीबोर्डवर मऊ कापड घालून पुढे टेकवायचं. मग बॅटरी जोडून लॅपटॉप सुरू करायचा आणि काळं चित्र लावायचं. आता पॅनलला कोणीच दाबत नाही. उजेड गेला असेल तर पॅनल निर्दोष आहे, भांडण झाकणाशी आहे. उजेड जसाच्या तसा असेल तर पॅनलमध्येच दोष आहे. या कामाला अर्धा तास लागतो आणि पुण्यात याचे ३०० ते ५०० रुपये घेतात. ७,५०० खर्च करण्यापूर्वी एवढं करून घेण्याचा तुमचा हक्क आहे. बॅटरी न काढता केबलला हात लावणाऱ्याला मात्र थांबवा. चालू वीज असताना ती केबल काढली-घातली तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज जातो आणि मग स्क्रीन नुसती काळी राहते.

मागच्या पावसाळ्यात इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आला होता. खालचा उजवा कोपरा उजळलेला, दोन दुकानांनी पॅनल बदलायला सांगितलेलं. बेझल काढल्यावर बिजागराच्या पट्टीखालून तांदळाच्या दाण्याएवढे काळ्या प्लॅस्टिकचे तीन तुकडे टेबलावर पडले. झाकणाच्या आत पितळी नट बसवलेले असतात, त्यांच्याभोवतीचं प्लॅस्टिक फुटलं होतं. बिजागर आवळून गेलेलं, त्यामुळे झाकण उघडताना दर वेळी पट्टी वर उचलली जायची आणि पॅनलच्या कोपऱ्याला मागून ढोसायची. पॅनल मोकळं केलं, उजेड गायब. बिजागराचा नट थोडा सैल केला, ग्रीसचा थेंब दिला, दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने पितळी नट पुन्हा बसवले आणि लॅपटॉप रात्रभर उघडाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पॅनल बसवलं तेव्हा पूर्वीच्या उजेडाचा जेमतेम एक पुसट पट्टा उरला होता, तोही शोधून बघावा लागायचा. सगळं मिळून १,२०० रुपये. प्लॅस्टिक जास्तच फुटलं असेल तर इपॉक्सी टिकत नाही, मग अख्खं मागचं झाकण, ज्याला आम्ही 'ए कव्हर' म्हणतो, ते बदलतो. तरीही ते पॅनलपेक्षा स्वस्त पडतं.

तुमचा 'टक्' आवाज मला याच वाटेवरचा वाटतो. आणि तसं असेल तर थांबू नका. ब्लीडमुळे लॅपटॉपचं काही बिघडत नाही, ते वर्षानुवर्षं राहिलं तरी चालतं. पण तुटकं बिजागर एक दिवस काचच फोडतं. तोवर झाकण उघडताना कोपऱ्याला धरून उघडू नका, मधोमध धरा.

तेवढ्यात बॅटरीही बघून घ्या. टचपॅडच्या आसपासचा भाग फुगीर वाटत असेल, टचपॅडचं क्लिक जड झालं असेल, किंवा टेबलावर लॅपटॉप डगमगत असेल, तर बहुधा बॅटरी फुगली आहे. झाकण बंद केलं की तो फुगवटा स्क्रीनला दाबतो. अशा वेळी बॅटरी लगेच बदला, स्क्रीनचं नंतर बघू. फुगलेल्या बॅटरीला आग लागण्याचा धोका असतो. कीबोर्डवरचं सिलिकॉनचं कव्हर आणि वेबकॅमवर चिकटवायची सरकती पट्टी यांचाही असाच दाब येतो. अ‍ॅपलने तर २०२० मध्ये मॅकबुकच्या ग्राहकांना, कॅमेऱ्यावर कव्हर असताना झाकण बंद करू नका, असं सांगितलं होतं.

आता समजा, पॅनलच दोषी निघालं. तरीही मी तुम्हाला लगेच 'बदला' म्हणणार नाही. यामागे एक अनुभव आहे जो मला फार वर्षांपूर्वी आला आणि अजून बोचतो. एका गृहस्थांच्या हट्टाखातर मी ब्लीडसाठी पॅनल बदललं. नव्या पॅनलच्या वरच्या कडेला उजेड निघाला. पुरवठादाराकडून दुसरं मागवलं, त्यात खालच्या कडेला थोडा निघाला. तिसऱ्याने ते समाधानी झाले, पण तोवर लॅपटॉप तीनदा उघडला गेला आणि बेझलच्या दोन खाचा तुटल्या. एकाच मॉडेलची दोन पॅनल या बाबतीत सारखी निघत नाहीत. नवीन पॅनल म्हणजे ब्लीड नसलेलं पॅनल, असं कोणीच लिहून देऊ शकत नाही. त्या दिवसापासून मी ग्राहकाला हे आधी सांगतो.

दुसरी गोष्ट यापेक्षाही मोठी, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. बदलीचं पॅनल तुमच्या जुन्यापेक्षा हलक्या प्रतीचं असू शकतं. '१५.६, फुल एचडी, ३० पिन' (पिन म्हणजे केबलच्या जोडणीतल्या पिना) एवढ्या वर्णनात दहा प्रकारची पॅनल बसतात. कुठलं २५० निट्सचं आणि ४५ टक्के एनटीएससी रंगांचं (पडदा किती रंग दाखवू शकतो याचं हे माप), कुठलं ३०० निट्सचं आणि ७२ टक्के एनटीएससीचं, म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, हा फोटोंसाठी नेहमी वापरला जाणारा रंगसंच. केबल तीच, माप तेच, चित्रही येतं. रंग मात्र येत नाहीत. लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने कुठल्याशा दुकानातून ब्लीडसाठी पॅनल बदलून घेतलं होतं आणि त्यानंतर त्याने दिलेल्या दोन अल्बममध्ये शालूचा लाल रंग भडक छापून आला, कारण नव्या स्क्रीनवर लाल फिका दिसायचा आणि तो वाढवत राहायचा. जुन्या स्क्रीनचा कोपरा उजळायचा, पण रंग खरे होते. ते जुनं पॅनल दुकानातच राहिलं होतं.

म्हणून पॅनल बदलायचंच ठरलं तर आधी जुन्याचा मॉडेल क्रमांक शोधा. तो पॅनलच्या पाठीवर लेबलवर असतो. न उघडता बघायचा तर एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरच्या रकान्यात बहुधा दिसतो. उदाहरणार्थ 'एनव्ही१५६एफएचएम-एन४८' हे बीओई कंपनीचं पॅनल. 'बी१५६' असं सुरू होणारी एयूओची, 'एन१५६' इनोलक्सची, 'एलपी१५६' एलजीची. तोच क्रमांक किंवा त्याच निट्सचं आणि त्याच रंगांचं पॅनल देणार का, ते विचारा आणि क्रमांक बिलावर लिहून घ्या. वॉरंटी 'टेस्टिंग'ची आहे की 'रिप्लेसमेंट'ची, तेही विचारा. टेस्टिंग वॉरंटी म्हणजे दुकानात लावून बघितलं, चाललं, संपलं. रिप्लेसमेंटची सहा महिन्यांची तरी घ्या आणि त्यात ब्लीड धरलंय का हे तोंडी नाही, लेखी. साध्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) ३० पिन फुल एचडी पॅनलला आज ४,००० ते ६,००० पर्यंत पडतात, बसवण्याची मजुरी वेगळी. त्यामुळे तुम्हाला सांगितलेले ७,५०० अगदीच लुबाडणूक नाही, पण त्या पैशात ७२ टक्क्यांचं पॅनल मागायला हवं. १४४ हर्ट्झचं किंवा टच असेल तर ४० पिन लागते आणि भाव वर जातो. काच चिकटवलेली टचस्क्रीन असेल, किंवा मॅकबुक असेल, तर बहुधा पूर्ण भागच बदलावा लागतो. तिथे नुसत्या ब्लीडसाठी हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवताना समोर बसा. नवीन पॅनल टेप न लावता नुसतं जोडून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाचही पडदे बघा. मग बेझल लावल्यावर काळा पडदा पुन्हा बघा. पहिल्यांदा स्वच्छ आणि बेझलनंतर उजेड, याचा अर्थ बसवण्यात चूक आहे, एखादा स्क्रू जास्त आवळलाय किंवा केबल पॅनलखाली दबलीय. ते तिथल्या तिथे सुधारून घेता येतं. आणि जुनं पॅनल परत मागून घ्या. ते चालू आहे, त्याला किंमत आहे.

मग बदलावं कधी? डाग पांढऱ्या पडद्यावरही दिसत असेल आणि वाचताना नजर तिथे अडत असेल, तर बदला. उजेड दर महिन्याला वाढत असेल आणि बांध्यात काही सापडलं नसेल, तर बदला. रेषा येणं, लुकलुकणं, अर्धी स्क्रीन अंधारी होणं ही ब्लीडची लक्षणं नाहीतच, ते वेगळे बिघाड. फोटो-व्हिडिओच्या रंगांवर पोट असेल तर बदलण्याआधी मी चांगला बाहेरचा मॉनिटर घ्यायला सांगेन. खरं तर तुम्हालाही तेच सांगतो: दिवसभर आकडे बघता, ७,५०० च्या आसपास २२ इंची आयपीएस मॉनिटर येतो, आणि टॅलीच्या एका बाजूला जीएसटीचं पोर्टल उघडं ठेवता आलं तर तुमच्या डोळ्यांना आणि मानेला जो आराम मिळेल तो नव्या पॅनलने मिळणार नाही. लॅपटॉप जुना असेल तर आणखी एक हिशोब करावा लागतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रात ब्लीडसाठी पाच-सहा हजार घालणं मला पटत नाही. तुमचा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला ही अडचण नाही.

ज्यांचा लॅपटॉप नवा आहे त्यांच्यासाठी दोनच ओळी. काळ्या पडद्याची चाचणी खरेदीच्या पहिल्याच रात्री करा, कारण परत करण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. ती संपली की कंपनी म्हणते, एवढं ब्लीड मर्यादेत आहे, आणि ती मर्यादा तीच ठरवते. तिथे अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे.

रात्रीच्या मालिकेचं राहिलं. बिजागराचं काम होईपर्यंत लॅपटॉपच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक छोटा दिवा लावा आणि ब्राइटनेस ४० टक्क्यांवर आणा. भिंत थोडी उजळली की डोळ्याला कोपऱ्यातला उजेड फिका वाटतो. बहुतेकांना एवढ्यावर भागतं.

तुम्ही लॅपटॉप कुरिअरने पुण्याला पाठवू का म्हणून विचारलंय. पाठवू नका. बिजागर तुटलेलं असताना खोक्यात वरून दाब आला तर चांगलं पॅनल वाटेतच जाईल. सांगलीतच तुमच्यासमोर बेझल उघडणारा माणूस शोधा, त्याला 'पॅनल मोकळं करून काळा पडदा दाखवा' एवढंच सांगा, आणि डाव्या बिजागराच्या पट्टीचा जवळून, उजेडात काढलेला एक फोटो मला पाठवा. पितळी नट जागेवर आहेत की नाहीत हे त्यात दिसेल, पुढचं मी सांगतो.